चौदावा लुई: एवढा मोठा राजा, मग कारंज्यांना पाणी का पुरत नव्हतं?

वाइंडिंगवाला_सातारा

रामराम मंडळी. साताऱ्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी भरायच्या, पंपाचे बुश बदलायचे, सीझनला रात्री अकराला शटर ओढायचं, हा आपला धंदा. शिक्षण आयटीआय वायरमन. इतिहासातलं मला फार कळत नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला हसायला नको.

भाची बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुपारची दुकानात येऊन बसते, कारण घरी पाहुणे आणि दुकानात कूलर. मोठ्यानं वाचून पाठ करायची तिला सवय. परवा फ्रान्सचा चौदावा लुई चालला होता. जन्म १६३८, गादीवर १६४३, मृत्यू १७१५. मी हातातली कॉइल खाली ठेवली. म्हटलं, पाच वर्षांचं पोर गादीवर? ती म्हणाली, पाचसुद्धा पुरी नव्हती, आणि राज्य केलं ७२ वर्षं. मग व्हर्सायचा राजवाडा आला, आरसेमहाल आला, बागा आल्या, बागेत कारंजीच कारंजी. मी विचारलं, पाणी कुठनं आणलं? तिनं पान उलटून बघितलं. "मामा, ते परीक्षेला नाही."

परीक्षेला नसेल, पण माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. तीन रात्री मोबाईलवर शोधत होतो. सापडलं ते असं.

व्हर्साय उंचावर, शेजारी नदी नाही. सेन नदी दोन-तीन कोसांवर आणि खूप खाली. म्हणून १६८१ ते १६८४ मध्ये नदीवर मार्लीचं यंत्र उभं केलं. नदीत १४ पाणचक्क्या, एकेक चाक तीन मजली घराएवढं, दोनशेवर पंप, आणि पाणी चढवायचं जवळजवळ १६० मीटर. म्हणजे सव्वापाचशे फूट हेड! आज वीस-पंचवीस स्टेजचा सबमर्सिबल सोडला की काम झालं, पण तेव्हा वीज नाही, वाफेचं इंजिनसुद्धा नाही. मग काय केलं, तर तीन टप्पे. इथं मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. कराडजवळच्या टेंभू योजनेचं दुसरं काय आहे? एका टप्प्यात उचला, हौदात टाका, तिथनं पुढच्या टप्प्याला उचला.

पण खरी गंमत पुढं आहे. वरच्या टप्प्यातल्या पंपांना ताकद कुठली? टेकडीवर नदी नाही. तर खालच्या चाकांना क्रँक, क्रँकला दांडे, आणि त्या दांड्यांची रांगच्या रांग टेकडीवर चढवलेली. चाक फिरलं की सगळी रांग पुढं-मागं, पुढं-मागं. कुरकुर लांबवर ऐकू जायची म्हणे. हे बसवलं ते रेनकँ स्युआलेम नावाच्या, लीजकडच्या (आताच्या बेल्जियममधलं शहर) सुतारानं, आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं असं सांगतात. मी त्या माणसाला दुकानात बसून नमस्कार केला.

आणि एवढं करून पाणी पुरेना. सगळी कारंजी एकदम चालवायची म्हटलं तर टाक्या रिकाम्या. मग राजा फिरायला निघाला की बागेतली माणसं एकमेकांना शिट्टी घालायची. तो येतोय, पुढचं उघड. त्याची पाठ वळली, मागचं बंद कर. आपल्याकडं पेठेपेठेला पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन असतो ना, तसाच हा, फक्त ह्याचं गिऱ्हाईक एकच.

तरी राजा गप्प बसला नाही. १६८५ पासून लांबची एर नदीच वळवून आणायला काढली. तीसेक हजार माणसं लावली, त्यात बरीचशी फौजच. दलदलीत तापानं माणसं मेली. १६८८ला लढाई पेटली आणि काम तिथंच राहिलं. अर्धवट कमानी आजही उभ्या आहेत, मँतनों गावात.

आता माझा प्रश्न. ज्याला स्वतःच्या बागेतली कारंजी एकदम उडवता आली नाहीत, त्याला सगळं जग सूर्यराजा म्हणतं. मोठेपणा होता कशात? कारभारात का नुसत्या आराशीत? आणि मागं काय राहिलं? भाची म्हणते, "अनियंत्रित राजेशाहीचा कळस" असं लिहायचं आणि मोकळं व्हायचं. मला कळस नको, कुणीतरी पाया सांगा.

गडवाट

दादा, पंपाचं राहू द्या, त्याचे किल्ले बघा! मी दर रविवारी कुठला ना कुठला गड चढतो म्हणून माझा कल तिकडंच.

लुईकडं व्होबाँ नावाचा इंजिनिअर होता. नवे बांधलेले आणि डागडुजी केलेले मिळून दीडशेच्या वर किल्ले त्याच्या हातचे. आपले गड डोंगराच्या कड्याचा फायदा घेतात. तिकडं सरहद्दीवर सपाटी, म्हणून चांदणीच्या आकाराची तटबंदी. प्रत्येक टोकावरून शेजारच्या टोकाखालची जागा माऱ्यात येते, तोफेला आडोसाच सापडत नाही. आणि जो बांधायला शिकला तो पाडायलाही शिकला. १६७३ला मास्ट्रिख्टच्या वेढ्यात त्यानं तटाला समांतर चर खणत खणत फौज पुढं नेली आणि दोन आठवड्यांच्या आत शहर घेतलं. लुई स्वतः तिथं हजर होता.

आता आपल्या डोक्यावरचा अजिंक्यतारा बघा. औरंगजेब १६९९च्या डिसेंबरात खाली येऊन बसला, तो किल्ला हाती यायला १७००चा एप्रिल उजाडला. सुरुंग लावले, त्यातला एक त्यांच्याच अंगावर उलटला आणि मोगलांचीच माणसं ढिगाऱ्याखाली गेली. लुई तेव्हा व्हर्सायला होता, वय ६१. बादशहाचं वय ८१!

अजून एक जमलंय. व्होबाँच्या १२ ठिकाणांना २००८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. आपल्या मराठ्यांच्या किल्ल्यांना २०२५ मध्ये मिळाला, तेही १२च. प्रतापगड त्यात आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्याचा मान राहिला.

कोरेगावच्या_बाई

वाइंडिंगवाले, कोरेगावच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला मी, पण "पाणी कुठून आणलं" असं एकाही पोरानं विचारलं नाही. मीही नाही विचारलं. या राजाला मी दोन तासांत उरकायची, कारण पोर्शन.

आराशीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं, पण आरास कशासाठी होती ते बघितलं पाहिजे. आणि त्यासाठी व्हर्सायला नाही, आधी पॅरिसला चला. १६५१च्या फेब्रुवारीतली ९ आणि १० तारखेच्या मधली रात्र. लुई बारा वर्षांचा. राजमाता पोराला घेऊन शहरातून पळून जाणार अशी आवई उठली आणि माणसं राजवाड्यात शिरली. राजा आहे का दाखवा म्हणाली. आईनं दार उघडायला लावलं. माणसं रांगेनं पलंगाजवळ येऊन पोराचं तोंड बघून गेली आणि तो डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन पडून राहिला. बारा वर्षांच्या मुलाच्या मनात त्या रात्री काय चाललं असेल ते तुम्हीच ठरवा.

त्या बंडाळीला फ्रोंद म्हणतात. १६४८ ते १६५३. पॅरिसचे न्यायाधीश त्यात, मोठे सरदार त्यात, सख्खा काका त्यात. साताऱ्याच्या माणसाला भाऊबंदकी समजावून सांगायला नको.

१६६१च्या मार्चमध्ये प्रधान माझारँ वारला. लुई बावीस वर्षांचा. आता मुख्य प्रधान कोण, अशी सगळ्यांना उत्सुकता. हा म्हणाला, कुणी नाही, मीच बघणार. त्याच ऑगस्टमध्ये खजिनदार फुके यानं आपल्या नव्या वाड्यावर राजाला मेजवानी दिली. काय तो वाडा, काय त्या बागा, काय ते दारूकाम! तीन आठवड्यांत फुके कैदेत. मेला तोही कैदेतच, १६८० मध्ये. आणि त्याचा वास्तुकार, त्याचा चित्रकार, त्याचा माळी, तिघांनाही राजानं आपल्या कामाला लावलं. ते काम म्हणजे व्हर्साय. यजमान तुरुंगात आणि त्याचे कारागीर आपल्या दारात! मला हा माणूस कधी आवडला नाही, पण हुशारी नाकारता येत नाही.

१६८२ मध्ये दरबार कायमचा व्हर्सायला हलला. आता तुमची कारंजी येतात. ज्या सरदारांच्या बापांनी फ्रोंदमध्ये तलवारी उपसल्या होत्या, त्यांची मुलं राजाच्या उठण्याच्या वेळी दाराशी तिष्ठत उभी राहू लागली. सदरा कुणी पुढं करायचा, रात्री मेणबत्ती कुणी धरायची, यावरून चढाओढ. मेणबत्ती धरायला मिळाली म्हणजे मान! आणि जो आपल्या गावी राहिला, त्याच्यासाठी कुणी रदबदली केली की राजा म्हणायचा, तो मला कधी दिसत नाही. झालं, पेन्शन गेली, पोराची नेमणूक गेली. इकडं सरदार दरबारात अडकलेले आणि तिकडं मुलखाचा कारभार राजानं नेमलेल्या अँतांदां नावाच्या अधिकाऱ्यांच्या हाती. आपल्या कलेक्टरसारखे म्हणा. राजा नेमणार, राजा बदली करणार, वतन नाही.

माझ्या मते पाया तो हा. कारंज्यांनी पाणी वर चढवलं नसेल, सरदारांना मात्र खाली उतरवलं.

आता जरा घरचं बघू. मी राजवाड्याजवळ राहते, सकाळी फिरताना हे रोज मनात येतं. शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात १७०८च्या जानेवारीत झाला. म्हणजे सात वर्षं हे दोघे एकाच वेळी राजे होते. लहानपण दोघांचंही धास्तीत गेलेलं. एकानं घरात शिरलेली गर्दी बघितली, दुसरा सतराएक वर्षं मोगलांच्या छावणीत राहिला. लुई त्यातून कुणावर विश्वास न ठेवायला शिकला. शाहू महाराज माणसं जोडायला आणि त्यांच्यावर सोपवायला शिकले. फ्रान्समध्ये सगळे सरदार राजाच्या अंगणात गोळा झाले. आपल्याकडं राजा साताऱ्यात आणि सरदार दशदिशांना. पेशवे पुण्यात, भोसले नागपुरात, शिंदे, होळकर, गायकवाड आपापल्या सरंजामावर. सरंजाम म्हणजे काय, तर फौजेच्या खर्चासाठी तोडून दिलेला मुलूख. थोरल्या महाराजांनी ही पद्धत मोडून रोख पगारावर भर दिला होता. राजाराम महाराजांच्या काळात औरंगजेब पलीकडून वतनांची आमिषं दाखवू लागला तेव्हा इकडूनही ती द्यावी लागली. नाइलाज होता.

मग बरं कोणतं? मराठे अटकेपर्यंत गेले ते सरदार मोकळे होते म्हणून, हे मी वर्गात नेहमी सांगायची. पण १७४९ला शाहू महाराज गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या मागून गादीवर आलेले रामराजे याच अजिंक्यताऱ्यावर ताराबाईंच्या नजरकैदेत. लुईच्या वंशजांवर अशी पाळी १७८९ पर्यंत आली नाही. आली तेव्हा मात्र एकदमच आली.

एक गोष्ट त्याला माफ करता येत नाही. आजोबांनी १५९८ मध्ये प्रॉटेस्टंटांना दिलेलं अभय यानं १६८५ मध्ये काढून घेतलं. दोनेक लाख माणसं देश सोडून गेली. विणकर, घड्याळजी, व्यापारी. लंडन, ॲमस्टरडॅम, बर्लिन या शहरांनी त्यांना हसत घेतलं. औरंगजेबानं जिझिया १६७९ला परत बसवला. सहा वर्षांचं अंतर.

अडत_सांगली

बाईंनी पाया सांगितला, मी खतावणी उघडतो. सांगलीत अडतीच्या दुकानात हिशेब लिहायला आहे, त्यामुळं राजा कितीही देखणा असो, माझी नजर जमा-नावेवर.

सरदारांना अंगणात बसवलं, पण फुकट नाही बसवलं. जमिनीत राबणाऱ्या माणसावरचा मुख्य कर होता ताय. तो सरदारांना माफ, धर्मगुरूंना माफ. मिठावर वेगळा कर, गाबेल. बऱ्याच प्रांतांत घरटी ठराविक मीठ सरकारी कोठारातून घ्यावंच लागायचं, तुमच्या भाजीत पडो न पडो. शिवाय सरकारी पदं विकायची. न्यायाधीशाची जागा विकत घेतली की ती पोराकडं वारशानं जाणार. म्हणजे राजानं आज रोकड घेतली आणि उद्याचं उत्पन्न कायमचं गहाण टाकलं. आमच्या शेटजींनी असा व्यवहार केला असता तर दिवाळीला वहीपूजन झालं नसतं.

कोल्बेर नावाचा दिवाणजी होता तोवर जरा मेळ बसत होता. कारखाने काढले, आरमार वाढवलं, आरशांचं काम व्हेनिसकडून आपल्याकडं ओढलं. आरसेमहालातले ३५७ आरसे घरचे, विकत आणलेले नाहीत. तो १६८३ला गेला आणि मग लढायाच लढाया. १६८९ला व्हर्सायची चांदीची टेबलं, चांदीचे मेणबत्तीचे ठाण वितळवून नाणी पाडली. सात वर्षांपूर्वी दरबार थाटलेला, त्यातलं सामान भट्टीत! १६९५ला पहिल्यांदा सरदारांवरही डोईपट्टी बसवली, तीसुद्धा लढाईपुरती म्हणून. १७१०ला उत्पन्नाचा दहावा हिस्सा. कागदावर सगळ्यांना सारखा. वसुलीला गेलं की मोठ्यांची पळवाट तयार.

गडवाट यांच्या व्होबाँची एक गोष्ट इथं बसते. किल्ले बांधायला देशभर फिरला, त्यात त्यानं गावं बघितली, माणसं काय खातात ते बघितलं. १७०७ मध्ये पुस्तक छापलं की सगळे कर काढून टाका, उत्पन्नावर एकच कर ठेवा आणि तो सरदारांनाही लावा. पुस्तकावर बंदी आली. त्याच साली म्हातारा गेला.

१६९३-९४चा दुष्काळ आणि साथ मिळून तेरा लाखांच्या आसपास माणूस गेलं. देश सगळा दोन कोटींचा. १७०९ला अशी थंडी पडली की नद्या गोठल्या, पेरलेला गहू जमिनीतच जळाला, पुन्हा लाखो मेले. राजा मेला तेव्हा कर्ज दोन अब्ज लिव्रच्या (तिकडचं तेव्हाचं नाणं) पुढं. शिल्लक म्हणाल तर पाच वर्षांचा पणतू.

वाइंडिंगवाला_सातारा

नमस्कार, मी भाची. मामा जेवायला गेलेत, मोबाईल इथंच आहे.

बाई, एक विचारायचं होतं. आमच्या नोट्समध्ये "मीच राज्य आहे" हे लुईचं वाक्य ठळक दिलंय आणि त्यावर पाच मार्कांची टीप येते. तो असं खरंच म्हणाला होता का? आणि पणतू का? मुलगा, नातू कुठं गेले? मामांनी विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही, आणि ते तेव्हापासून मला चिडवतायत.

कोरेगावच्या_बाई

बाळ, त्या काळच्या कागदांत ते वाक्य सापडत नाही. मागाहून त्याच्या तोंडी घातलेलं आहे. शेवटच्या आजारात तो बोलला म्हणून दरबारातल्या माणसानं टिपून ठेवलंय ते जवळजवळ उलटंच: मी चाललो, पण राज्य कायम राहील. तू "असं त्याच्या तोंडी घातलं जातं" एवढे शब्द जास्त लिही. मार्क जात नाहीत, मी पेपर तपासलेत.

पणतूचं म्हणशील, तर मुलगा १७११ला देवीनं गेला. पुढच्या वर्षी गोवराच्या साथीत नातू, नातसून आणि त्यांचा थोरला मुलगा, तिघे महिन्याभरात गेले. दोन वर्षांचं धाकटं पोर तेवढं वाचलं. का माहीत आहे? त्याला सांभाळणाऱ्या बाईंनी, मादाम द व्हाँतादूर त्यांचं नाव, वैद्यांना जवळ येऊ दिलं नाही. थोरल्याला वैद्यांनी शिरा कापून रक्त काढून काढून संपवलं होतं. पुढं हेच पोर पंधरावा लुई.

म्हातारा स्वतः १ सप्टेंबर १७१५ला गेला, पायाला गँगरीन होऊन. सत्त्याहत्तरावा वाढदिवस चार दिवसांवर होता. जाण्याआधी पणतूला जवळ घेऊन सांगितलं की बांधकामाचा आणि लढाईचा माझा नाद तू उचलू नकोस. मामांना म्हणावं, बांधकामात कारंजी आली.

अडत_सांगली

बाई, आपल्या कागदांत हा राजा येतो का हो कुठं? नाव नसेल, पण सावली तरी?

कोरेगावच्या_बाई

येतो, आणि मला तुमच्या या प्रश्नानं फार बरं वाटलं.

कोल्बेरनं फ्रेंचांची ईस्ट इंडिया कंपनी काढली १६६४ मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली होती. चार वर्षांनी फ्रेंचांची वखार सुरतेलाच निघाली. पुढं १६७४ मध्ये, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच साली, त्या कंपनीचा माणूस फ्रांस्वा मार्तँ पाँडिचेरीला जाऊन बसला. १६७७ला महाराज कर्नाटकात उतरले, जिंजी घेतली, तेव्हा मार्तँला धडकी भरली. त्यानं वकील पाठवला आणि महाराजांनी त्यांना तिथं राहायची मुभा दिली. म्हणजे सूर्यराजाची पाँडिचेरी त्या वेळी टिकली ती आपल्या राजाच्या परवानगीनं.

आणि सावली विचारलीत तर आज्ञापत्र बघा. राज्य कसं चालवावं ते सांगणारं रामचंद्रपंत अमात्यांचं लिखाण, १७१५-१६च्या सुमाराचं. म्हणजे लुई तिकडं शेवटच्या घटका मोजत होता किंवा नुकताच गेला होता. त्यात टोपीकरांची, म्हणजे युरोपातून आलेल्या व्यापाऱ्यांची यादी आहे. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज, वलंदेज म्हणजे डच, आणि फरासीस म्हणजे फ्रेंच. पंत बजावतात, हे बाकीच्या सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्यातल्या प्रत्येकाचा धनी तिकडं राज्य करतो. फरासीसांचा धनी कोण, तर हा. पंतांनी व्हर्साय पाहिलेलं नाही, आरसेमहाल ऐकलाही नसेल, पण गलबतातून उतरलेल्या व्यापाऱ्याच्या मागं कोण उभा आहे ते बरोबर ओळखलं. त्याच आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद म्हटलंय, वाटा मागणारे भाऊबंद. फ्रोंदमध्ये लुईनं जे भोगलं तेच पंत इकडं लिहीत होते. एकमेकांची गाठ नाही, पण दुखणं एक.

वाइंडिंगवाला_सातारा

सगळ्यांचे आभार. भाचीनं माझ्या मोबाईलवरून लिहिलेलं आत्ता बघितलं. चालायचंच.

बाईंचं वाचून मी दोन दिवस विचार करत होतो. कारंजी म्हणजे सरदारांना धरून ठेवायची आरास, हे पटलं. पण माझ्या डोक्यात मेकॅनिक बसलाय, तो विचारतोय की त्याच्या काळातलं आजही चालू काय आहे? वाडा आहे, पण तिथं आता तिकीट काढून फिरायचं. मार्लीचं यंत्र १८१७ला मोडून टाकलं. सिंहासन गेलं. नात्यातला कुणी राजा उरलाय का कुठं?

गडवाट

उरलाय, पण स्पेनमध्ये. तिथला राजा निपुत्रिक वारला आणि लुईनं १७०० मध्ये आपला नातू तिथल्या गादीवर बसवला. त्यापायी १७०१ ते १७१४ सगळा युरोप लढला. मध्ये गादी गेली, परत आली, पण आजचा स्पेनचा राजा त्याच बूर्बों घराण्यातला.

आणि चालू काय विचारताय, तर मिदीचा कालवा! तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राच्या अंगाला गेलेला, २४० किलोमीटर. १६६६ला सुरू, १६८१ला खुला. कोल्बेरनं मंजूर केला, काढला पियेर-पॉल रिके यानं. अडत दादा, हा रिके कोण माहीत आहे? तुम्ही सांगितलेला मिठाचा कर वसूल करणारा ठेकेदार! त्यातला स्वतःचा पैसा कालव्यात घातला, डोक्यावर कर्ज करून घेतलं, आणि कालवा खुला व्हायच्या सात महिने आधी मेला. आज त्यात मालाच्या नाही, पर्यटकांच्या बोटी चालतात, पण पाणी वाहतंय.

वाइंडिंगवाला_सातारा

थांबा थांबा. कालव्याच्या सगळ्यात उंच भागाला पाणी कुठनं दिलं? उंचवट्यावरून कालवा नेला म्हणजे दोन्हीकडं उतार, वरचं पाणी सारखं खाली पळणार. तिथं पंप होते का?

गडवाट

एकही नाही. शेजारच्या डोंगरातले ओढे अडवून सां-फेरेओलला मातीचा मोठा बांध घातला. तिथून पाटानं पाणी त्या उंचवट्यावर आणून सोडलं, अर्धं इकडं जातं, अर्धं तिकडं. सगळं उतारानं.

वाइंडिंगवाला_सातारा

म्हणजे कास! आपल्या कासचं पाणी साताऱ्यात येतं ते असंच की. डोंगरावर तळं, खाली गाव, मध्ये उतार. लाइट गेली तरी पाणी येतं.

अहो, मग हा रिके माझ्या कामाचा माणूस. राजाच्या दारात दोनशे पंप लावून पाणी पुरलं नाही आणि मीठवाल्यानं एक पंप न लावता २४० किलोमीटर चालवलं. म्हणजे माझ्या धंद्याच्या दृष्टीनं हा माणूस धोक्याचा, पण मानला. ह्याच्यावर वेगळा धागा काढू का?

कोरेगावच्या_बाई

काढा. पण त्याआधी त्या मार्लीच्या पंपांना वॉशर कशाचे होते तेवढं सांगा. मला विचारून काढायला इतिहासाचं कुणी भेटणार नाही.

वाइंडिंगवाला_सातारा

चामड्याचे असणार बाई, दुसरं काय होतं तेव्हा? माझ्या आजोबांच्या हातपंपालाही चामड्याचाच होता, उन्हाळ्यात सुकला की आधी वरून तांब्याभर पाणी ओतायला लागायचं. बघून सांगतो. आत्ता एक साडेसात एचपीची मोटार आलीय, सकाळी सहाला पाहिजे म्हणतायत.